ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग : प्रश्न यंत्रांचा नव्हे, दिवसांचा

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात स्तनांच्या कर्करोगाविषयी जनजागृतीची मोहीम राबविली जाते. इमारतींवर गुलाबी रोषणाई होते, महिलांच्या पदयात्रा निघतात, खासगी रुग्णालये तपासणीवरील सवलतींच्या जाहिराती देतात आणि ‘चाळिशीनंतर मॅमोग्राफी करून घ्या’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. हा सल्ला चुकीचा नाही. मात्र भारतातील तरुण स्त्रियांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणारा आणि अत्यंत आक्रमक मानला जाणारा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ कर्करोग या सल्ल्याच्या चौकटीत बसत नाही. तो चाळिशीची वाट पाहत नाही आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात स्वस्थही बसत नाही. त्यामुळे त्याच्या लवकर निदानाचा प्रश्न मॅमोग्राफी यंत्रांच्या संख्येपेक्षा, गाठ हाताला लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस जातात, याच्याशी अधिक निगडित आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनांचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्याने बळी घेतला. म्हणजे नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंची संख्या निम्म्याहून अधिक. अमेरिकेत त्याच वर्षी हे प्रमाण एकषष्ठांशाच्या आसपास होते. ही तफावत केवळ औषधांमुळे पडत नाही. देशातील ११ कर्करोग नोंदणी केंद्रांमधील माहितीच्या आधारे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजार स्तनापुरता मर्यादित असताना निदान झालेल्या रुग्णांपैकी ८१ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. आजार दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचल्यावर निदान झालेल्यांत हेच प्रमाण १८ टक्क्यांवर घसरले. सर्व प्रकारच्या स्तन कर्करोगांचे हे चित्र आहे. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात उतार अधिक तीव्र आहे.

नावातच नकार

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की गाठीच्या तुकड्यावर तीन गोष्टी तपासल्या जातात : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना प्रतिसाद देणारे दोन ग्राहक आणि ‘हर-टू’ हे प्रथिन. ग्राहक असतील तर संप्रेरकांचा मार्ग अडविणाऱ्या गोळ्या देता येतात. ‘हर-टू’चे प्रमाण अधिक असेल तर त्यावर नेमका मारा करणारी औषधे उपलब्ध आहेत. तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली तर त्या आजारास ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. डॉक्टरांच्या हातातील दोन मोठी शस्त्रे तेथेच गळून पडतात आणि उपचारांची मुख्य भिस्त केमोथेरपीवर राहते.

पाश्चात्त्य देशांत स्तनांच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे साधारण १० ते १५ जणींमध्ये हा प्रकार आढळतो. भारतातील निरनिराळ्या रुग्णालयांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करता हे प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक, काही विश्लेषणांत ३० टक्क्यांच्या घरात दिसून आले आहे. भारतीय रुग्णांचे सरासरी वय कमी असणे हे त्याचे एक कारण मानले जाते. हा प्रकार तुलनेने तरुण वयात अधिक दिसतो आणि भारताची लोकसंख्याही तरुण आहे.

त्याची गती हे दुसरे वैशिष्ट्य. पेशींचे विभाजन झपाट्याने होत असल्याने काही महिन्यांतच गाठीचा आकार लक्षात येण्याइतका वाढू शकतो. उपचारांनंतर आजार उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असतो आणि उलटलेला आजार फुप्फुसे व मेंदूपर्यंत जाण्याचे प्रमाण इतर प्रकारांपेक्षा जास्त आहे. मात्र या नाण्याला दुसरी बाजूही आहे. पाच वर्षे निर्धोक पार पडली तर पुढे तो परतण्याची शक्यता बरीच कमी होते. संप्रेरकांवर अवलंबून असणारा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढू शकतो. अमेरिकेतील आकडेवारीनुसार ट्रिपल निगेटिव्ह आजार स्तनापुरता मर्यादित असताना सापडल्यास पाच वर्षांनंतर शंभरपैकी सुमारे ९० स्त्रिया हयात असतात. दूर पसरल्यावर सापडल्यास ही संख्या १५ च्या पुढे जात नाही. ‘आक्रमक’ याचा अर्थ ‘असाध्य’ असा नाही. वेळेत पोहोचले तर तो बरा होतो.

चाळणीतून निसटणारा आजार

मग सर्वच स्त्रियांची लवकर तपासणी का करू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर आजाराच्या गतीत दडले आहे. लक्षणे नसलेल्या व्यक्तींची ठराविक अंतराने केली जाणारी चाळणी तपासणी संथ वाढणारे आजार अधिक पकडते. दर तासाला रेल्वेच्या फाटकावर डोकावणाऱ्या माणसाला रखडत चाललेली मालगाडी दिसण्याची शक्यता जास्त. दोन मिनिटांत धडधडत निघून गेलेली गाडी त्याच्या दृष्टीस पडतच नाही. मॅमोग्राफीचा अहवाल निर्दोष आल्यानंतर पुढच्या तपासणीपूर्वीच उद्भवणाऱ्या गाठींना ‘मधल्या काळातील कर्करोग’ म्हणतात. त्यांत ट्रिपल निगेटिव्ह गाठींचा वाटा लक्षणीय असतो, हे अनेक देशांतील अनुभवाने सिद्ध झाले आहे.

त्यातच तरुण वयात स्तनांतील ऊती दाट असतात. मॅमोग्राफीत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. शिवाय या प्रकारची गाठ पुष्कळदा गोलसर आणि रेखीव कडांची असते. तरुणींमध्ये सर्रास आढळणाऱ्या ‘फायब्रोअॅडिनोमा’ या निरुपद्रवी गाठीसारखी ती भासू शकते. म्हणूनच चित्र ‘साधे’ दिसले तरी नव्याने आलेली वा वाढणारी गाठ सुईने तपासून घ्यावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

अमेरिकेतील प्रतिबंधक सेवाविषयक कृती दलाने एप्रिल २०२४ मध्ये आपली शिफारस बदलून ४० ते ७४ या वयोगटातील सर्व स्त्रियांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीचा सल्ला दिला. तत्पूर्वी सरसकट शिफारस पन्नाशीपासून होती. तरुण वयातील वाढते रुग्ण आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमधील मृत्यूंचे अधिक प्रमाण या बदलामागे होते. त्यांच्यातही ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या तुलनेत जवळपास दुप्पट आहे. परंतु यंत्रे, प्रशिक्षित क्ष-किरणतज्ज्ञ आणि संशयास्पद अहवालानंतरच्या तपासण्यांची सोय असल्याशिवाय हा मार्ग भारताला परवडणारा नाही. आणि परवडला, तरी तिशीतली रुग्ण त्याच्या कक्षेबाहेरच राहील.

मुंबईच्या वस्त्यांमधील धडा

स्वस्त पर्याय कोणता, याचा जगातील एक महत्त्वाचा शोध मुंबईतच घेतला गेला. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये शहरातील कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासणी केली आणि आजाराची माहिती दिली. उरलेल्या वस्त्यांमध्ये सुरुवातीला एकदाच माहिती देण्यात आली. वीस वर्षांचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तन कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

यंत्राविना, दोन हातांच्या बळावर मृत्यू टाळता येतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले. त्याचबरोबर एक अप्रिय सत्यही समोर आले : पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मृत्यूंत तशी ठोस घट दिसली नाही. ट्रिपल निगेटिव्हचा फटका मोठ्या प्रमाणावर बसतो तो याच वयोगटाला. 

दरमहा ठरावीक पद्धतीने स्वतःच तपासणी करण्याच्या सल्ल्याचीही कसोटी लागली आहे. चीनमधील शांघाय येथे अडीच लाखांहून अधिक कापड कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये जाहीर झाले. स्वपरीक्षणाचे पद्धतशीर शिक्षण दिलेल्या गटात मृत्यू घटले नाहीत. निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. त्यामुळे आता भर कवायतीसारख्या तपासणीवर नसून सजगतेवर दिला जातो. आपल्या शरीराची नेहमीची ठेवण माहीत असावी आणि त्यात बदल जाणवताच डॉक्टरांकडे जावे, एवढाच त्याचा अर्थ.

या पार्श्वभूमीवर सरकारी कार्यक्रमाकडे पाहिले पाहिजे. केंद्राच्या २०१६ मधील मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची आरोग्य केंद्रांवर दर पाच वर्षांनी एकदा हाताने स्तन तपासणी होणे अपेक्षित आहे. काही महिन्यांत वाढणाऱ्या गाठीसाठी पाच वर्षांचे अंतर म्हणजे अवघे युगच. तेही कागदावर. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्तनांची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली असल्याचे सांगणाऱ्या ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण एक टक्काही भरले नाही. 

दिवस जातात कुठे?

तरुण वयातील आक्रमक कर्करोगाला चाळणी लावता येत नसेल, तर हाती उरतो तो एकच मार्ग : लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंतचा काळ कमी करणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तन कर्करोगविषयक उपक्रमाचे सूत्रही हेच आहे. किमान ६० टक्के रुग्णांचे निदान पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यात व्हावे, रुग्ण प्रथम आरोग्यसेवेकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांनी उपचार पुरे करावेत, अशी उद्दिष्टे संघटनेने ठेवली आहेत.

भारतात हे ६० दिवस अनेकदा घराच्या उंबरठ्याच्या आतच संपतात. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि ‘दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही’ हा समज खोलवर रुजलेला आहे. त्यात संकोच असतो, मुलांच्या परीक्षा असतात, घरातील लग्नकार्य असते. स्वतःच्या प्रकृतीचा विषय स्त्री सर्वांत शेवटी काढते. सुई टोचली वा शस्त्र लावले की कर्करोग पसरतो, या निराधार भीतीपोटी काही जणी लेप आणि काढ्यांमध्ये महिने घालवतात.

दुसरा विलंब दवाखान्यात होतो. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या स्त्रीला कर्करोग असू शकतो, हे पटकन मनात येत नाही. बाळंतीण असेल तर गाठ दुधाची समजली जाते, लाली असेल तर प्रतिजैविके दिली जातात. बहुसंख्य वेळा हा अंदाज खराही ठरतो, कारण तरुण वयातील बहुतेक गाठी साध्याच असतात. घात होतो तो औषधाने फरक पडला नाही तरी तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते तेव्हा. गर्भवती आणि स्तनदा मातांची सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी सुरक्षितपणे करता येते. त्यासाठी बाळंतपण होईपर्यंत वा दूध तुटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. स्तन अचानक लालसर होऊन सुजणे आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे हे दाहजन्य कर्करोगाचेही लक्षण असू शकते. त्यात अनेकदा गाठ लागतच नाही. आठ-दहा दिवसांच्या औषधांनी ही सूज ओसरली नाही तर बायोप्सीचा विचार झालाच पाहिजे.

तिसरा विलंब सर्वांत महागडा. निदान न करताच गाठ काढून टाकण्याची घाई आजही अनेक ठिकाणी होते. नंतर अहवालात कर्करोग निघाला की काढलेल्या भागाच्या कडा शिल्लक आजारापासून मुक्त आहेत की नाही हे समजत नाही, दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते आणि आधी केमोथेरपी देऊन गाठ आक्रसवण्याची संधी हुकते. ऊती योग्य पद्धतीने जतन केल्या नसतील तर ग्राहकांच्या चाचण्यांचे निष्कर्षही विश्वासार्ह राहत नाहीत. आणि या चाचण्यांशिवाय आजार ट्रिपल निगेटिव्ह आहे, हेच कळत नाही. हाताने तपासणी, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुईची बायोप्सी ही तिहेरी तपासणी आधी, शस्त्रक्रिया नंतर, हा क्रम जगभर मान्य झालेला आहे.

घराण्यातील धागा

तरुण स्त्रियांमधील एका गटाची मात्र आगाऊ तपासणी शक्य आहे. ‘ब्राका-वन’ या जनुकात जन्मजात दोष असलेल्या स्त्रियांना होणारे बहुसंख्य स्तन कर्करोग ट्रिपल निगेटिव्ह असतात. हॉलीवूड अभिनेत्री अँजेलिना जोली हिने २०१३ मध्ये आपल्यातील हा दोष आणि प्रतिबंधक शस्त्रक्रिया जाहीर केल्यानंतर जगभर त्याची चर्चा झाली. असा दोष आढळलेल्या स्त्रीची पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय तपासणी करण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. दाट ऊतींमधील गाठ हेरण्यात एमआरआय मॅमोग्राफीपेक्षा सरस ठरते.

हा दोष वडिलांकडूनही मुलीकडे येऊ शकतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. कुटुंबाचा इतिहास विचारताना आई आणि मावशीपाशी थांबण्याचा प्रघात आहे; आत्या आणि आजी राहून जातात. बीजांडकोशाच्या कर्करोगाचाही याच दोषाशी संबंध असतो. ट्रिपल निगेटिव्ह रुग्णाची जनुकीय चाचणी झाली तर तिच्या बहिणी आणि मुली यांना वेळीच सावध करता येते. येथे एका रुग्णाचे निदान दुसरीसाठी लवकर निदान ठरते.

औषधे आहेत, पण वेळेत हवीत

लवकर निदानाला अर्थ आहे, कारण उपचारांची बाजू आता पूर्वीइतकी लंगडी राहिलेली नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणाऱ्या ‘पेम्ब्रोलिझुमॅब’ या औषधाला अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये सुरुवातीच्या पण जोखमीच्या ट्रिपल निगेटिव्ह आजारासाठी मान्यता मिळाली. त्याने रुग्णांचे आयुर्मान वाढते, हेही २०२४ मध्ये स्पष्ट झाले. परंतु त्याचा खर्च लाखो रुपयांच्या घरात जातो.

सामान्यांसाठी अधिक मोलाचे उत्तर पुन्हा परळमधून आले. टाटा मेमोरियलमधील सातशेहून अधिक ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथील परिषदेत मांडण्यात आले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीत ‘कार्बोप्लॅटिन’ या जुन्या, स्वस्त औषधाची भर घातल्यावर पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर ७७ टक्के हयात होत्या. ते न दिलेल्या गटात हे प्रमाण ६६ टक्के होते. पन्नाशीपुढील रुग्णांमध्ये असा लाभ दिसला नाही. म्हणजे चाळणी तपासणीने ज्या वयोगटाला हुलकावणी दिली, त्याच वयोगटाला स्वस्त औषधाने हात दिला. अट एकच : निदान शस्त्रक्रियेपूर्वी आणि अचूक झाले पाहिजे.

रक्ताच्या एका नमुन्यातून वा शरीराच्या उष्णतेच्या चित्रणातून कर्करोग ‘आधीच’ ओळखण्याचे दावे अलीकडे वाढले आहेत. अशा चाचण्यांनी स्तन कर्करोगाचे मृत्यू घटतात, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. उष्णताचित्रण हा मॅमोग्राफीचा पर्याय नव्हे, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यापूर्वीच दिला आहे. निर्दोष अहवालाच्या भरवशावर हाताला लागणारी गाठ दुर्लक्षिली जाणे हा यातील खरा धोका आहे.

धोरणाची दिशा

केंद्रीय अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची २०० डे-केअर केंद्रे आणि तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत अशी केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. केमोथेरपीसाठी मुंबई-पुण्याच्या खेपा वाचविणारे हे पाऊल स्वागतार्ह आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतूनही कर्करोगावरील उपचारांना आधार मिळतो. परंतु या दोन्ही सोयींचा लाभ मुख्यतः निदान झाल्यानंतर सुरू होतो. गाठ ते निदान हा टप्पा रुग्णाने स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या हिमतीवर पार करायचा असतो; आणि आक्रमक कर्करोगात सारे काही ठरते ते याच टप्प्यात.

त्यासाठी भव्य प्रकल्पांची गरज नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्तनाच्या गाठीसाठी आठवड्यातून ठरावीक दिवस बाह्यरुग्ण विभाग चालावा, सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी त्याच दिवशी व्हावी, नमुना ग्राहकांच्या चाचणीसाठी सुसज्ज प्रयोगशाळेकडे जावा आणि अहवालाला कालमर्यादा असावी. आशा सेविकांच्या आणि लसीकरणासाठी येणाऱ्या मातांच्या भेटीत दोन वाक्यांची माहिती देता येते : नवी गाठ, काखेतील गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, रक्तमिश्रित स्राव वा त्वचेतील बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर दाखवा, आणि निदान होईपर्यंत गाठ काढू देऊ नका. कुटुंबाच्या डॉक्टरांसाठीही एक साधा नियम पुरेसा आहे : एकदा औषध दिले, फरक पडला नाही, तर दुसऱ्यांदा औषध नव्हे, तपासणी.

पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या तपासणीची उद्दिष्टे गाठणे सोपे असते. रकाने भरले की काम झाले. गाठ घेऊन दारात आलेल्या स्त्रीचे निदान किती दिवसांत झाले, हा रकाना मात्र बहुतेक अहवालांत नसतो. तो भरायला सुरुवात होईल, तेव्हाच या कर्करोगाच्या गतीशी आरोग्य यंत्रणेची गती जुळू लागेल.